गजर वाजून बंद होतो, झोप मात्र मोडत नाही

"भाऊ, याचा आवाज वाढवून द्या. घरचे म्हंतात वाजते, मले त आयकूच येत नाही."

हिवाळा लागला की दुकानात ही तक्रार सुरू होते. दारव्हा तालुक्यात माझं घड्याळ-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हरभऱ्याला, गव्हाला रात्रीचं ओलीत करणारे, पोलीस भरतीसाठी पहाटे साडेचारला मैदानावर जाणारी पोरं, पहिल्या एसटीनं यवतमाळला कॉलेजात जाणाऱ्या मुली, अशा सगळ्यांना अवेळी उठायचं असतं. उठणं झालं नाही की घड्याळच बिघडलं असं समजून ते घेऊन येतात. मी सेल बदलतो, गजर लावून दाखवतो, तो वाजतो. आठ दिवसांनी तोच माणूस तेच घड्याळ घेऊन परत उभा.

सुरुवातीची काही वर्षं मी आणखी मोठ्या आवाजाचं घड्याळ देऊन मोकळा व्हायचो. ते माझं चुकत होतं. आता घड्याळाला हात लावायच्या आधी विचारतो की त्या रात्री नेमकं काय झालं, आणि हे घरच्यांकडून ऐकतो, कारण झोपणाऱ्याला स्वतःचं काही ठाऊक नसतं. उत्तर तीनपैकी एक येतं. गजर वाजत राहिला आणि हा कुशीवरसुद्धा वळला नाही. किंवा यानं हात लांब करून तो बंद केला आणि सकाळी म्हणाला, "म्या कधी बंद केला, मलेच आठवत नाही." किंवा हा उठून बसला, बोललासुद्धा, आणि पाच मिनिटं म्हणून पुन्हा आडवा झाला.

आज चाकांवर पळणारी, गादीखाली थरथरणारी, गणित घालणारी, उजेड पाडणारी, नाना तऱ्हेची गजराची घड्याळं मिळतात. पण त्यातलं प्रत्येक या तिघांपैकी एखाद्या दुखण्यासाठीच केलेलं आहे. भलत्या दुखण्यावर लावलं तर पैसे जातात आणि माणूस धरून बसतो की आपल्याला काही लागूच पडत नाही. म्हणून आधी आपलं दुखणं कोणतं ते ओळखा.

यंत्राची खात्री मात्र पहिल्यांदा करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मोबाईलमध्ये रिंगटोनचा आवाज वेगळा आणि अलार्मचा वेगळा असतो, एक वाढवला म्हणून दुसरा वाढत नाही. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर बाहेरून घेतलेली अलार्मची अ‍ॅप रात्रीतून बंद पडतात, सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला सूट द्यावी लागते. बहुतेक स्मार्टफोन बंद करून ठेवले तर गजर वाजत नाही. काट्यांचं घड्याळ असेल तर त्याची तबकडी 12 तासांची आहे हे लक्षात ठेवा. दुपारी 3 वाजता पहाटे 5चा गजर लावून खटका वर केला तर तो संध्याकाळी 5लाच वाजून मोकळा होतो. गजराचा काटा पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे असतोच, तेवढं अंतर ठेवून लावा. आणि सेल उतरला की काटे फिरत राहतात पण गजर बारीक होतो, कारण वाजायला ताकद जास्त लागते. चावीच्या घड्याळाला वेळेची चावी वेगळी आणि गजराची वेगळी असते. नव्या माणसाला ही दुसरी चावी ठाऊकच नसते.

ऐकूच येत नाही

इथे आवाज वाढवण्याआधी सूर बदला. स्वस्तातल्या घड्याळाची ती बारीक पीप-पीप फार वरच्या सुराची असते. वय वाढलं की कानाला आधी हेच वरचे सूर कमी ऐकू येतात. आगीची सूचना देणाऱ्या भोंग्यांवर जे संशोधन झालं त्यात असं दिसलं की 3100 हर्ट्‌झच्या आसपासच्या बारीक आवाजापेक्षा 520 हर्ट्‌झच्या आसपासचा जाडसर, खालच्या सुराचा आवाज झोपलेल्या माणसाला कितीतरी चांगला उठवतो. अमेरिकेत हॉटेलांसारख्या ठिकाणी झोपायच्या खोल्यांतल्या भोंग्यांसाठी तोच सूर ठरवून दिलेला आहे. तेव्हा मोबाईलमध्ये किणकिण वाजणारी धून काढून जाड आवाजाची लावा. डोक्यावर दोन घंटा असलेलं जुनं चावीचं घड्याळ असेल तर ते पालथ्या घातलेल्या स्टीलच्या परातीवर ठेवून बघा. घंटांची थरथर परातीत उतरते आणि सगळी परातच वाजू लागते. आमच्या गल्लीतले एक म्हातारे बाबा पीप-पीप करणाऱ्या दोन घड्याळांना उठत नव्हते, ते परातीला उठले.

बाहेरदेशी 113 डेसिबलपर्यंत ओरडणारी घड्याळंही विकतात. सॉनिक बॉम्ब नावाचं घड्याळ त्यातलंच. मी गिऱ्हाइकाला ते आणून देत नाही. एका खोलीत माय, बाप, लेकरं, म्हातारी असे पाच जण झोपलेले असतात आणि उठायचं एकाला असतं. कडेवरचं लेकरू रोज पहाटे 4ला दचकून रडत उठलं तर त्या घरात कोणाचीच झोप पुरी होणार नाही. अशा घराला थरथरणारं घड्याळ बरं. हे मुळात ऐकू न येणाऱ्यांसाठी निघालं. घड्याळाला वायरनं एक बशीएवढी चपटी चकती जोडलेली असते, ती गादीखाली किंवा उशीखाली ठेवायची. गजराच्या वेळी ती जोरात थरथरते आणि शेजारच्याला फारसं कळतही नाही.

आपल्याकडे ही चकती बऱ्याचदा "काम करत नाही" म्हणून परत येते. त्याचं कारण बाज. सुतळीच्या किंवा नवारीच्या बाजेत मधे झोळ पडलेला असतो. चकती कमरेखाली ठेवली की ती झोळात जाऊन बसते आणि तिची सगळी थरथर सुतळीच पिऊन घेते. ती उशाकडच्या आडव्या लाकडी दांडीला, उशीला टेकेल अशी सुतळीनं आवळून बांधा. लाकूड थरथर पुढे नेतं. खाली सतरंजीवर झोपत असाल तर गादीखाली नको, थेट उशीच्या खोळीत सरकवा. आणि विकत घेताना ते नुसत्या विजेवर चालतं की सेलवरही चालतं हे विचारून घ्या. आपल्या लाईनीच्या भरवशावर गजर ठेवता येत नाही.

उन्हाळ्यात तर मी कोणालाच आवाजावर राहू नका म्हणतो. मे महिन्यात कूलर रात्रभर घरघरत असतो, माणूस त्याच्या तोंडाशी झोपलेला असतो, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लागलेला. त्यात कोणताही सूर बुडतो. कूलरच्या दिवसांत उशीखालची थरथर, नाहीतर हलवून उठवणारं माणूस.

बंद करतो, पण आठवत नाही

हे दुखणं सगळ्यांत जास्त दिसतं, आणि घरात भांडणं लावणारंही हेच आहे. बाप म्हणतो पोट्टं आळशी आहे, पोरगा शपथेवर सांगतो की मी गजर ऐकलाच नाही. दोघंही खरं बोलत असतात. गाढ झोपेतून अर्धवट जागं झालेल्या माणसाचा हात सरावानं चालतो. बटण कुठं आहे हे हाताला पाठ झालेलं असतं, आणि त्या मिनिटभराची नोंद डोक्यात राहत नाही. अशा पोराला शिव्या देऊन उपयोग नाही. बटणापाशी पोचायला त्याला अंथरूण सोडावंच लागेल अशी सोय करायला हवी.

चाकांचं घड्याळ याच विचारातून निघालं. गौरी नंदा ही अमेरिकेत एमआयटीत शिकत असताना तिनं ते तयार केलं, नाव क्लॉकी. एकदा डुलकीचं म्हणजे स्नूझचं बटण दाबायची मुभा देतं, आणि तेवढ्यात उठला नाहीत तर स्टुलावरून खाली उडी मारून, खोलीभर पळत, वाजत राहतं. 2005 साली त्याला अर्थशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसू येईल आणि मग विचार करावासा वाटेल अशा कामांना हा पुरस्कार देतात.

माझा भाचा भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे राहत होता. सोळाशे मीटरचा सराव पहाटेच करावा लागतो, आणि तो आठवड्यातून चार दिवस झोपून राहायचा. मी त्याच्यासाठी असंच एक चाकांचं घड्याळ मागवलं. पहिल्या पहाटे ते ठरल्याप्रमाणे स्टुलावरून उडालं, फरशीवरून धावलं आणि थेट कापसात शिरलं. डिसेंबर होता. भाव वाढेल म्हणून घरोघरी कापूस थांबलेला, आमच्याही मधल्या खोलीत छातीएवढी गंजी लागलेली. घड्याळ त्या गंजीच्या पायथ्याशी हातभर आत जाऊन वाजत होतं आणि बाहेर नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं. भाचा झोपलेला. माझी आई उंदीर समजून बॅटरी घेऊन उठली आणि तिनं तो कापूस उपसून घड्याळ काढलं. सकाळी मी ते दुकानात नेऊन उघडलं तर दोन्ही चाकांच्या आसाला कापसाचे तंतू इतके घट्ट गुंडाळलेले होते की चिमट्यानं एकेक धागा ओढून काढायला अर्धा तास लागला. आत मोटर छोटीशी असते, तशीच चालवली असती तर जळाली असती.

घड्याळात दोष नव्हता. ते मोकळ्या फरशीच्या, दार लावलेल्या खोलीसाठी आहे. आम्ही गंजीच्या कडेला फळ्या उभ्या लावल्या, बाजेखालची सोयाबीनची पोती हलवली, दार लावून घेतलं. त्यानंतर भाच्याला रोज रांगत त्याच्यामागे जावं लागायचं, आणि रांगता रांगता झोप मोडायची. ओबडधोबड सारवलेल्या जमिनीवर मात्र ही चाकं अडतात, घड्याळ एकाच जागी गोल फिरत बसतं. गच्चीवर झोपणाऱ्यांनी तर आणूच नये.

पंखा उडवणारं घड्याळ येतं, गजरासोबत एक छोटी भिंगरी वर उडते आणि ती शोधून परत जागेवर बसवल्याशिवाय आवाज थांबत नाही. मच्छरदाणीत अडकते, बाजेखाली हरवते. ते घेऊ नका. पायपुसण्यासारखं चटईचं घड्याळ बरं आहे, त्यावर दोन्ही पायांनी काही सेकंद उभं राहावं लागतं तेव्हा ते बंद होतं. फक्त ते अंथरुणापासून चार पावलं लांब टाका. बाजेला लागून टाकलं तर लोक बसल्याबसल्या पाय टेकवून बंद करतात आणि तसेच मागे कलंडतात.

सगळ्यांत कमी खर्चाचा आणि माझ्या मते सगळ्यांत खात्रीचा उपाय मोबाईलमध्येच आहे. अलार्मी नावाच्या अ‍ॅपमध्ये गजर बंद करायला काम लावून देता येतं: गणितं सोडवा, फोन हलवा, ठरलेल्या जागेचा फोटो काढा किंवा बारकोड स्कॅन करा. गणित लावू नका. पोरं आठ दिवसांत पडल्यापडल्या बेरजा करायला शिकतात. फोटोही आपल्याकडे फसतो. एका मुलीनं अंगणातल्या तुळशीचा फोटो ठेवला होता. तो दिवसा काढलेला, आणि पहाटे अंधारात फोन तुळस ओळखेना. गजर काही थांबेना आणि बिचारी रडकुंडीला आली. बारकोड ठेवा. टूथपेस्टच्या डब्याचा किंवा साबणाच्या वेष्टनाचा बारकोड कापून न्हाणीच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावा. ओल लागू नये म्हणून वरून प्लास्टिक लावा, आणि शेजारी एक चार्जिंगचा दिवा टांगून ठेवा. न्हाणीपर्यंत गेलेल्या माणसाच्या हाताशी पाण्याचा गुंड असतोच, तोंडावर पाणी मारलं की काम झालं.

उठून पुन्हा झोपणं

डुलकीच्या बटणाची सवय सोडणं हाच याला उपाय. ते बटण 1956 साली अमेरिकेतल्या एका घड्याळात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात विकायला आलं, आणि आज प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. नऊ-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मिळालेल्या झोपेनं थकवा जात नाही. अलार्ममध्ये ते बंद करून टाका.

यांच्यासाठी उजेडाची घड्याळंही असतात. गजराच्या अर्धा तास आधीपासून दिवा हळूहळू वाढत जातो, पहाट झाल्यासारखा. एकट्या उजेडानं गाढ झोपणारा उठत नाही, पण उठल्यावरचं जडपण कमी होतं. थंडीत दारं-खिडक्या लावून झोपणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा खरा फायदा होतो. विकत घ्यायचंच असं नाही. आधी उठणाऱ्या आईनं खोलीतला दिवा पंधरा मिनिटं अगोदर लावून ठेवला तरी चालतं.

वासानं उठवायचा विचारही जगात झालेला आहे. झणझणीत वसाबीचा वास हवेत सोडून झोपलेल्यांना आगीची सूचना देणारं यंत्र जपानमधल्या लोकांनी केलं, त्याला 2011 साली रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. नुसत्या वासानं गाढ झोप मोडत नाही, पण नाकाला झोंबणाऱ्या वाफेनं मोडते. मिरचीची फोडणी पडली की आपल्याकडे ठसका लागून अख्खं घर उठतं, ते याच कारणानं.

रात्रीच्या लाईनीचं वेगळं आहे

ओलिताच्या शेतकऱ्याला वरचं काहीच पुरत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटते. रात्री 10ला झोपायचं आणि 12ला पंपाची थ्री फेज लाईन, म्हणजे वीज, येणार म्हणून उठायचं. सगळ्यांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात असते. म्हणजे गजर नेमका त्या वेळी वाजतो जेव्हा शरीर सगळ्यांत खोल गेलेलं असतं. अशा वेळी गजर ऐकू न येणं हा आळस नाही. 12ची लाईन असेल तर जेवण लवकर उरकून 8लाच झोपा, 12पर्यंत गाढ झोपेचा मोठा भाग होऊन जातो. 10ची असेल तर त्याआधी अंग टाकूच नका, दुपारी वीस मिनिटं डोळे मिटून घ्या.

दुसरी अडचण अशी की लाईन कधीकधी वेळेवर येत नाही. माणूस 12ला उठतो, लाईन नसते, परत झोपतो, आणि ती सव्वाला येऊन जाते. इथे वेळेचा गजर कुचकामी आहे. गजर लाईनीलाच जोडलेला हवा. पंपाच्या मोटरला सिमवाला मोबाईल स्टार्टर लावला असेल तर लाईन आल्याबरोबर तो तुमच्या फोनवर कॉल करतो. त्याच्यातल्या सिमचा नंबर नाव घालून सेव्ह करा, त्याला जाड आवाजाची वेगळी रिंगटोन द्या, आणि रात्री फोन शांत ठेवायची सोय वापरत असाल तर त्या एका नंबरला तिच्यातून वगळा. ही शेवटची गोष्ट न केल्यामुळे महागडा स्टार्टर बसवूनही झोपून राहणारे मी पाहिले आहेत. नुसत्या ऑटो स्विचवर सोडून झोपणं मला पटत नाही. मोटर चालू होते, पण पाण्याचा दांड फुटला किंवा विहिरीचं पाणी तळाला गेलं तर बघायला कोणी नसतं.

आणि उठल्याउठल्या वावरात जाऊ नका. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचं डोकं पंधरा मिनिटं ते अर्धा तास नीट चालत नाही, आणि आधीच्या रात्रींची झोप राहिलेली असेल तर त्याहून जास्त वेळ. मी स्वतः एकदा तसाच डोळे चोळत गेलो, दांडातून हात धुतला आणि त्याच ओल्या हातानं स्टार्टरची पेटी उघडली. झटक्यानं हात बाजूला फेकला गेला म्हणून वाचलो. त्या क्षणी हात ओला आहे हे मला कळलंच नव्हतं. तेव्हापासून रात्री उठलो की आधी चूल पेटवून चहा ठेवतो. तो होईपर्यंत बूट घालतो, बॅटरी आणि काठी घेतो, हात कोरडे करतो, आणि चहा पिऊनच निघतो. वीस मिनिटं उशिरा पाणी लागलं तर हरभऱ्याचं काही बिघडत नाही.

हे सगळं करूनही उठणं होत नसेल तर झोपेचे तास मोजा. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं, म्हणून अकरावी-बारावीच्या पोरांना लवकर झोप येत नाही, त्यात रात्री बारापर्यंत मोबाईल. तास पुरे आहेत आणि तरी दिवसभर पेंग येते, झोपेत मोठ्यानं घोरून मधेच श्वास थांबल्यासारखा होतो, किंवा थकवा काही केल्या जात नाही, असं असेल तर घड्याळ बदलू नका, दवाखान्यात दाखवा. झोपेत श्वास अडकणं, रक्त कमी असणं, थायरॉईड, यांच्यावर उपचार आहेत. सर्दीच्या गोळ्यांनीही झोप जड होते, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

नवं काहीही लावलं तरी परीक्षेच्या किंवा भरतीच्या पहाटे पहिल्यांदा लावू नका. ज्या दिवशी उशीर झाला तरी चालेल असे तीन दिवस आधी ते वापरा, आणि घरातल्या एकाला लिहून ठेवायला सांगा: गजर किती वाजता वाजला, कोणी बंद केला, तुम्ही किती वाजता उभे राहिलात. तो कागद घेऊन दुकानात या. मग घड्याळ उघडायचं की नाही हे मला लगेच सांगता येतं.